‘आपल्यातला’

आष्ट्यात खोली भाड्याने द्यायची असो, सोयरीक जमवायची असो, नाहीतर दुकानात गडी ठेवायचा असो, एक प्रश्न ठरलेला असतो : ‘आपल्यातलाच हाय न्हवं?’ विचारणारा जातीचे नाव घेत नाही. ऐकणाऱ्यालाही ते सांगावे लागत नाही. मराठीतल्या सगळ्यांत मायाळू सर्वनामाचा हा वापर गेली काही वर्षे माझ्या डोक्यात ठाण मांडून आहे. मी भाषाशास्त्र शिकलेला माणूस नाही. बारावीनंतर शिक्षण सुटले, वाचन तेवढे राहिले. तेव्हा पुढचे विवेचन हे बरेचसे कानाने जमवलेले टिपण समजावे.

हिंदीत ‘हम’ म्हटले की ऐकणारा त्यात आहे की नाही, हे शब्दावरून कळत नाही. इंग्रजी ‘वुई’चे तेच, आजच्या प्रमाण कानडीतल्या ‘नावु’चेही तेच. मराठीने मात्र दोन शब्द ठेवले. ‘आम्ही’ म्हणजे तुला सोडून, ‘आपण’ म्हणजे तुला धरून. गुजरातीत ‘अमे’ आणि ‘आपणे’, तेलुगूत ‘मेमु’ आणि ‘मनमु’ अशाच जोड्या आहेत. ‘आम्ही जेवायला बसतो’ आणि ‘आपण जेवायला बसू’ यांतला फरक लहान पोरालाही कळतो. पहिल्यात त्याचे ताट नाही. सर्वसमावेशक भाषा हल्ली शिक्षणाच्या चर्चेत फार ऐकू येते, आणि ती कुठून तरी आणावी लागेल असा चर्चेचा सूर असतो. आपल्याकडे ती व्याकरणातच बसलेली आहे. तरी त्याच ‘आपण’पासून आपण जात विचारणारा शब्द घडवला. वर्तुळ काढण्याची सोय भाषेने दिली. ते केवढे काढायचे, हे बोलणाऱ्याच्या हाती राहिले.

१९७८-७९ च्या सुमारास मी प्राथमिक शाळेत होतो. शनिवारी गुरुजी म्हणायचे, ‘चला, आपण शाळा साफ करून घेऊ.’ या ‘आपण’मध्ये गुरुजी नसत, हे उघडच. पण त्यात सगळा वर्ग एकसारखा असे, असेही नाही. शेण आणायला आणि सारवायला मुली. मुतारीत पाणी टाकायला एका ठरावीक वस्तीतली दोन पोरे. आम्ही बाकीचे फळ्याला कोळसा घासायला. कोणाचे नाव पुकारले जात नसे, ज्याची त्याला जागा कळे. ती दोन पोरे पाचवीत दिसली नाहीत. का सोडली शाळा, हे मी त्यांना कधी विचारले नाही.

वाटेगाव आमच्याच वाळवा तालुक्यातले. अण्णा भाऊ साठे दीड दिवस शाळेत गेले, हे आपण जयंतीच्या भाषणात कौतुकाने सांगतो, जणू शाळेवाचून मोठे होणे हाच त्यांचा पराक्रम. ‘फकिरा’ लिहिणाऱ्याला जिथे दोन दिवसही बसवले नाही, त्या शाळेच्या बोलण्या-वागण्याची चौकशी कोणी करीत नाही.

आताच्या वर्गांत वेगळी मुले येतात. उत्तरेकडून कामाला आलेल्या कुटुंबांतली, जतकडची, घरात कानडी बोलणारी. त्यांच्याकडे ‘हम’ किंवा ‘नावु’ हा एकच शब्द. मग पोर म्हणते, ‘आम्ही खेळूया का?’ बाकीची हसतात, ‘खेळा की तुमी तुमीच!’ चूक व्याकरणाची असते, पण मराठी कानाला ते पोर आपणहून लांब उभे आहे असे वाटते. एका शिक्षिकेने मला सांगितले, की त्या असे वाक्य वहीत दुरुस्त करीत बसत नाहीत, पोराला आधी लगोरीत घेतात. ‘आपण’ तिथे लवकर येते.

शासनानेही शब्द बदलून पाहिले आहेत. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे काढून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावे देण्याचे ठरवले. योग्यच केले, पाटीवर कोणाचा अपमान लिहिलेला नसावा. फक्त नव्या नावावरून जुना पत्ता ओळखायला लोकांना वेळ लागत नाही. २०२३ साली ‘विधवा’ऐवजी ‘गंगा भागीरथी’ म्हणावे असा प्रस्ताव महिला व बालविकास मंत्र्यांकडून पुढे आला आणि त्यावर टीका झाली. व्हायलाच हवी होती. ‘गं. भा.’ लग्नपत्रिकेत कधीपासूनच छापतात, आणि तेवढा मान देऊन त्या बाईला मांडवात मागे बसवतात. त्याच्या आदल्या वर्षी, ४ मे २०२२ रोजी, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंदीचा ठराव केला. त्यांनी शब्दाला हात लावला नाही. बाईच्या बांगड्यांना, कुंकवाला, मंगळसूत्राला, जोडव्यांना कोणी हात लावायचा नाही, असे ठरवले.

भाऊराव पाटलांची रीतही याच जातीची (हा ‘जातीची’ आपोआप आला, राहू दे). आष्ट्याजवळच्या दुधगावात त्यांनी वसतिगृहाचे काम आरंभले. पुढे ४ ऑक्टोबर १९१९ रोजी काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन झाली. संस्थेच्या नावात ‘सर्व’ नाही, ‘रयत’ आहे. सातारच्या वसतिगृहात निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राबत, एका पंगतीत जेवत. धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रही मोडले. अशा पंगतीत बसलेल्या पोराने ‘आपल्यातला कोण?’ याचे उत्तर काय द्यावे? माझ्या मते महाराष्ट्रातल्या शाळेने ‘आपण’चा केलेला हा सर्वांत मोठा अर्थविस्तार. त्यासाठी परिपत्रक लागले नाही, पीठ लागले.

आता एक आक्षेप. दलित लेखनाबद्दल ‘हे सारखे आम्ही-तुम्ही करतात’ अशी तक्रार मी वाचक मंडळांत अनेकदा ऐकली आहे. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांवर १९८९ साली पुस्तक केले, त्याचे नाव ‘आम्हीही इतिहास घडवला’. इथे ‘आपण’ घालून पाहा, शीर्षक मरते. ज्यांना इतिहासाच्या ‘आपण’मध्ये धरलेच नव्हते, त्यांनी ‘आम्ही’पासूनच सुरुवात करायची असते, आणि सगळा जोर त्या ‘ही’वर आहे. तक्रार करणाऱ्यांना ‘आम्ही’ खुपते, ‘ही’ ऐकू येत नाही. संविधानाच्या मराठी उद्देशिकेचा पहिला शब्दही ‘आम्ही’च आहे, त्यावर मात्र कोणी हरकत घेतल्याचे मी ऐकले नाही.

गेल्या उन्हाळ्यात त्या दोन पोरांपैकी एक जण एसटी स्टँडवर भेटला. केस माझ्याहून पांढरे. मी म्हणालो, ‘कसा हाईस?’ तो म्हणाला, ‘बरं हाय. तुमचं कसं चाललंय?’ मी चहाला चल म्हणालो, तेवढ्यात सांगली गाडी लागली.