पूर्वजांचे काय? : सार्वकालिक शिक्षेचा वाद आणि मराठी मुलूख

सर्व माणसे शेवटी तरतील, की काही जण कायमचे नरकात राहतील, हा ख्रिस्ती धर्मशास्त्रातला फार जुना वाद आहे. मराठी अभ्यासकांनी त्याच्याकडे सहसा पाठ फिरवली. ना. वा. टिळकांची कविता, लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’, पंडिता रमाबाईंचे कार्य, बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ यांवर आपण भरपूर लिहिले. पण या माणसांनी जो धर्म स्वीकारला त्याचा सिद्धान्त काय होता, त्यातले काय गळ्याखाली उतरले आणि काय अडकले, हा विषय ‘त्यांचा घरगुती मामला’ म्हणून बाजूला राहिला. मला हे पटत नाही. अमेरिकी धर्मशास्त्रज्ञ डेव्हिड बेंटली हार्ट यांचे सर्वांच्या तारणाची बाजू मांडणारे पुस्तक २०१९ साली आले आणि इंग्रजी जगात त्यावर बरीच धुळवड झाली. ते वाचताना मला सारखे जाणवत होते की यातले दोन मुख्य मुद्दे आपल्या ओळखीचे आहेत. एक मराठी शास्त्र्याने संस्कृतात मांडला होता. दुसऱ्यापायी अहमदनगरच्या एका मिशनऱ्याची नोकरी जाता जाता राहिली.

आधी शब्दांचे पाहू, कारण अर्धा घोळ तिथेच आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात शेवटच्या न्यायनिवाड्याचे चित्र आहे. मराठी बायबलात तिथे वाईटांसाठी ‘सार्वकालिक शिक्षा’ आणि चांगल्यांसाठी ‘सार्वकालिक जीवन’ असे शब्द येतात. मूळ ग्रीकमध्ये दोन्हीकडे ‘आयोनिऑस’ हे एकच विशेषण आहे. ते ‘आयोन’ म्हणजे युग या शब्दावरून आले. सर्वमुक्तिवादी म्हणतात, याचा अर्थ ‘येणाऱ्या युगातली’ शिक्षा. ती किती काळ चालेल हे या शब्दात नाही. ऑगस्टिनने पाचव्या शतकात दिलेले उत्तर आजही दिले जाते : शिक्षा संपणारी असेल तर त्याच वाक्यातले जीवनही संपणारे म्हणा. उत्तर चोख आहे. नुसत्या व्युत्पत्तीवर हा वाद जिंकता येत नाही, असे माझे मत आहे; सर्वमुक्तिवाद्यांनी शब्दकोशावर इतका भार टाकायला नको होता.

पण मराठीत ‘सार्वकालिक’ या शब्दाने ती युगाची छटा पुसलीच. वर ‘गेहेन्ना’साठी ‘नरक’ हा तयार शब्द घेतला, त्याने दुसरी गंमत केली. पुराणांतला नरक हा मुक्काम आहे. पापी तिथे जातो, भोग भोगतो आणि पुन्हा जन्माला येतो. मिशनऱ्याने ‘नरक’ म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मुदतीची कैद उभी राही, आणि बोलणाऱ्याच्या मनात मात्र जन्मठेपेहून पलीकडचे काही असे. ‘तारण’ शब्दाचे तर विचारूच नका. आमच्या अकोल्याच्या बाजार समितीत शेतमाल तारण ठेवून कर्ज घेता येते. तारण म्हणजे सोडवून आणायची वस्तू, हा अर्थ इथल्या शेतकऱ्याला कुणी शिकवावा लागत नाही.

आता तो शास्त्री. नीळकंठशास्त्री गोरे हे काशीत वाढलेले कोकणस्थ ब्राह्मण. जॉन म्यूर या स्कॉटिश अधिकाऱ्याने १८३९ साली ‘मतपरीक्षा’ हा संस्कृत ग्रंथ लिहून ख्रिस्ती धर्माची श्रेष्ठता मांडली होती. त्याला हिंदू पंडितांनी जी उत्तरे दिली त्यांतले सर्वांत भरभक्कम म्हणजे गोऱ्यांचा ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’. तो १८४४च्या सुमाराचा; तेव्हा गोरे विशीच्या आगेमागे होते. सार्वकालिक नरकावरचा त्यांचा आक्षेप सोप्या शब्दांत असा : माणसाचे पाप मर्यादित काळातले, मर्यादित बुद्धीने केलेले. त्याला अमर्याद शिक्षा हा न्याय कसा? आणि त्याहून खोल : तुमचा ईश्वर जीव शून्यातून निर्माण करतो. आमच्याकडे जीव अनादी, कर्म अनादी. जीवाच्या दुःखाचा हिशेब त्याच्याच खात्यावर मांडता येतो. पण जो जीव कालपर्यंत नव्हताच, तो कायमचा जळणार हे ठाऊक असूनही ज्याने निर्माण केला, त्याच्याकडे त्या जळण्याची जबाबदारी जाणार नाही काय?

पहिल्या आक्षेपावर पाश्चात्त्य परंपरेत अॅन्सेल्मच्या वळणाचे उत्तर तयार होते : अपराध कुणाचा झाला यावर त्याचे वजन ठरते; अनंत ईश्वराचा अपराध म्हणून अपराधही अनंत. हे मला वकिली वाटते, आणि सरंजामी सुद्धा. राजाला शिवी दिली तर फाशी, कुळाला दिली तर दंड, अशा समाजातच ते सहज सुचते. दुसऱ्या आक्षेपावर मात्र तेवढेही उत्तर नाही. हार्ट यांचा पहिला आणि सर्वांत गाजलेला युक्तिवाद नेमका हाच आहे : निर्मिती शून्यातून, ईश्वराच्या स्वेच्छेने झाली असेल, तर तिचा शेवटचा हिशेब निर्मात्याच्या चारित्र्याचाच हिशेब ठरतो. पावणेदोनशे वर्षांचे अंतर आहे. हार्ट या मुद्द्याला निसाच्या ग्रेगरीकडून, म्हणजे चौथ्या शतकातल्या बिशपाकडून येतात. गोरे न्याय-वेदान्ताकडून आले. दोघे एकाच दाराशी पोचले हे मला त्या युक्तिवादाच्या बळाचे लक्षण वाटते.

गोरे पुढे १८४८ साली ख्रिस्ती झाले, नेहेम्या हे नाव घेतले, अँग्लिकन पाद्री झाले. पुण्यात रमाबाईंवर त्यांचा प्रभाव पडला. १८९५ साली मुंबईत वारले. त्यांच्या चरित्रात शंकांची सोबत अखेरपर्यंत दिसते. धर्म बदलला तरी तार्किक बदलला नव्हता.

इथे हिंदू वाचकाने फुशारून जायचे कारण नाही. ‘आमच्याकडे कायमचा नरक नाही’ हे वाक्य मी व्याख्यानांत अनेकदा ऐकले आहे. ते अर्धेच खरे आहे. मध्वाचार्यांच्या द्वैतमतात ‘तमोयोग्य’ जीव आहेत. त्यांच्या वाट्याला कायमचा अंधतमसच. जैन मतात ‘अभव्य’ जीव कधीच मुक्त होत नाहीत, आणि शिरपूर-कारंजाच्या आमच्या मुलखात जैन परंपरा काही परकी नव्हे. तारणाची वाट एकच, हा आग्रहही बाहेरून आला असे नाही : रिद्धपूरच्या महानुभावांचे म्हणणेच असे की देवतांची फळे नाशवंत, मोक्ष एकटा परमेश्वर देतो. तेव्हा वाद ख्रिस्ती विरुद्ध हिंदू असा नाही. तो दोन्ही घरांच्या आत आहे.

दुसरा मुद्दा पूर्वजांचा. रॉबर्ट ह्यूम हे अमेरिकन मराठी मिशनचे. जन्म मुंबईचाच, १८४७चा, १८७४पासून अहमदनगरात. १८८६ साली रजेवर अमेरिकेत असताना अँडोव्हर या धर्मविद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात ते बोलले. त्या विद्यालयातले प्राध्यापक तेव्हा एक कल्पना मांडत होते : ज्यांना हयातीत ख्रिस्ताची ओळखच झाली नाही त्यांना मरणानंतर ती संधी मिळेल, असे मानायला हरकत नसावी. ही सर्वमुक्ती नव्हे. सगळे तरतीलच असे तिच्यात नाही. न ऐकलेल्याला न ऐकल्याबद्दल शिक्षा नको, एवढेच. ह्यूम यांनी ही कल्पना सिद्धान्त म्हणून स्वीकारा असेही म्हटले नाही. ती मानण्याला मोकळीक असावी, मिशनच्या कामाला तिने बाध येत नाही, असा त्यांचा सूर होता. एवढ्यावरून त्यांना पाठवणाऱ्या अमेरिकन बोर्डाच्या समितीने त्यांचे हिंदुस्थानात परतणे अडवून धरले. न ऐकलेल्यांना मरणानंतर संधी असेल तर सातासमुद्रापार जायचे कशाला, मिशनची नसच तुटेल, अशी विरोधकांची भीती होती. त्या सालच्या डे मॉइन्सच्या वार्षिक सभेत हा वाद गाजला. १८८७ साली अखेर ह्यूम यांना परतू दिले.

बॉस्टनच्या समितीला जो प्रश्न काटेकोर सिद्धान्ताचा वाटत होता, तो मराठी खेड्यात नात्याचा होता. मी तरलो तर माझे आजोबा कुठे आहेत? सर्वपित्रीला ज्यांच्या नावाने पान वाढतात ते? थॉमस अॅक्विनसच्या नावावरील ग्रंथाच्या पुरवणीत असे प्रतिपादन आहे की स्वर्गातल्यांना नरकातल्यांची शिक्षा दिसेल आणि तिच्यातल्या ईश्वरी न्यायामुळे त्यांच्या आनंदात भरच पडेल. हे वाक्य पितृपक्ष पाळणाऱ्या समाजात कोणत्या तोंडाने सांगायचे? महाभारताच्या स्वर्गारोहणपर्वात युधिष्ठिराला भाऊ आणि द्रौपदी नरकात दिसतात तेव्हा तो स्वर्गावर लाथ मारून तिथेच राहायचे ठरवतो. मार्कंडेय पुराणातला राजा विपश्चित तर आपल्या अंगावरून जाणाऱ्या वाऱ्याने नरकातल्या अनोळखी जीवांना गारवा मिळतो म्हणून तिथून हलायला तयार नाही. ज्या श्रोत्यांच्या कानांवर या कथा पडल्या आहेत, त्यांना ‘तुझे तारण तुझ्यापुरते’ हे अपुरेच वाटणार. हार्ट यांचा दुसरा जोरकस मुद्दा हाच : माणूस म्हणजे त्याची नाती, ज्यांच्यामुळे मी ‘मी’ झालो ते जळत असतील तर तरलेला तो कोण?

ह्यूम परतले त्याच अहमदनगरात आठ वर्षांनी, १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले टिळक आले, ह्यूम यांच्या धर्मविद्यालयात शिकवू लागले. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो, हा टिळकांचा भाव सर्वांना माहीत आहे. आपल्याकडे तो समन्वयाचा गोड नमुना म्हणून सांगतात. त्यातली धार त्यामुळे बोथट होते. पूल ओलांडणारा तरला आणि पूल नरकात, असे म्हणता येईल का? टिळकांनी या विषयावर सिद्धान्तग्रंथ लिहिला नाही. पण १९१७ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या दोघांनाही सामावणारा ‘देवाचा दरबार’ काढला. माझ्या मते ते उत्तरच होते.

आता अकोल्याकडे येतो, कारण इथे चित्र उलटे होते आणि म्हणून जास्त अवघड. ए. बी. सिम्प्सन यांच्या अलायन्स मिशनचे वऱ्हाडातले मुख्य ठाणे अकोला. त्यांना ह्यूम यांची मोकळीक मान्य होण्यासारखी नव्हती. सुवार्ता न ऐकता माणसे रोज मरताहेत आणि कायमची हरवताहेत, हीच तर त्यांच्या धावपळीमागची कळ होती. जेनी फुलर याच मिशनच्या. हिंदी स्त्रीच्या दुःखांवरचे त्यांचे पुस्तक १९०० साली निघाले. त्याच वेळी १८९९-१९००च्या दुष्काळाने वऱ्हाड होरपळत होते. अकोल्यात मुलांसाठी, खामगावात मुलींसाठी मिशनने अनाथगृहे चालवली.

त्या मुलांचे आईबाप नाव न ऐकताच मेले होते. ज्यांनी मुलांना भाकर दिली त्यांच्याच सिद्धान्ताप्रमाणे ते आईबाप कुठे गेले? हा प्रश्न मी टोमणा म्हणून विचारत नाही. सिद्धान्त कठोर होता म्हणून माणसे कठोर होती, असे सरळ गणित इथे बसत नाही. त्या कठोर सिद्धान्तानेच त्यांना इतक्या दूर आणले आणि मुले जगली. मिशनची नस तुटेल ही अमेरिकेतली भीती अगदीच खोटी नव्हती, हे अकोल्यावरून कबूल करावे लागते. फक्त ह्यूम यांनी नगरकडे दुष्काळात केलेले काम पाहिले म्हणजे ती पुरती खरीही ठरत नाही.

आणि मत्तयाचा तो पंचविसावा अध्याय पुन्हा उघडावा. सार्वकालिक शिक्षेचा मुख्य आधार म्हणून तो पुढे करतात. तिथे न्यायाधीश कुणालाही ‘माझे नाव ऐकले होते का’ असे विचारत नाही. भुकेल्याला खायला दिले का, तहानलेल्याला पाणी दिले का, उघड्याला पांघरूण दिले का, कैद्याला भेटायला गेलास का, एवढेच विचारतो. ज्यांनी दिले त्यांना आपण कुणाला दिले हे माहीतसुद्धा नव्हते. म्हणजे शिक्षा सार्वकालिक मानली तरी ती न ऐकणाऱ्यांसाठी या उताऱ्यातून निघत नाही. दुष्काळात धान्याची कोठारे बंद ठेवणाऱ्यांसाठी निघते. अलायन्सचे लोक या अध्यायाप्रमाणे वागले. त्याचा अर्थ मात्र दुसरा सांगत राहिले.

इथेच सर्वमुक्तिवाद्यांना माझा प्रश्न आहे, आणि हार्ट यांच्या पुस्तकाबद्दलची माझी मुख्य तक्रारही. ज्याने कोठार बंद ठेवले तोही तरणार ना? मग ज्याचे मूल दाराशी मेले त्याला कोण काय सांगणार? हा प्रश्न वरच्या बाजूने विचारणाऱ्याला दयेचा वाटतो, खालच्या बाजूने विचारणाऱ्याला न्यायाचा. जोतीराव फुल्यांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त निर्मिकाचा धर्म मांडला तो इथल्या, या जमिनीवरच्या हक्कांच्या भाषेत, परलोकातली भरपाई हा लुबाडणुकीचाच भाग कसा होतो हे त्यांनी ओळखले होते. शेवटी सगळे गोड होईल, हे आश्वासनही तसेच वापरता येते.

ग्रेगरीकडे याचे अर्धे उत्तर आहे आणि आजच्या सर्वमुक्तिवाद्यांनी ते नीट जपलेले नाही. त्याच्याकडे आग आहे; पण ती सोने गाळणारी. मळ जितका खोल तितकी ती दीर्घ आणि जाळणारी. कुणालाही ती चुकत नाही. मत्तयातच दुसरीकडे ऋणको सगळे देणे फेडीपर्यंत कैदेत राहतो. ‘फेडीपर्यंत’ या शब्दात मुदत आहे आणि वसुलीही. ज्ञानेश्वरांच्या पसायदानात खळांचा नाश मागितलेला नाही, त्यांच्यातला वाकडेपणा गळावा असे मागितले आहे. पण वाकडे लोखंड सरळ करायला भट्टी लागते, हे तिथे गृहीत असावे असे मला वाटते. देणे मात्र ईश्वराला फेडायचे की ज्याची भाकर घेतली त्याला, हे ग्रेगरी स्पष्ट सांगत नाही.