गळ, आमिष आणि शांती

मराठीत ‘गळाला लागणे’ आणि ‘आमिष दाखवणे’ हे दोन्ही वाक्प्रचार फसवणुकीचे वाचक आहेत. मासा धरण्याच्या कृतीतून भाषेने जो लाक्षणिक अर्थ वेचला, तो कपटाचा. आयझॅक वॉल्टन (१५९३–१६८३) याच्या ‘द कम्प्लीट अँग्लर’ (१६५३) या ग्रंथात मात्र हीच कृती निष्कपट, चिंतनशील जीवनाची खूण म्हणून येते. या दोन अर्थांमधील ताण लक्षात घेतल्याखेरीज वॉल्टनने वर्णिलेल्या शांतीचे स्वरूप नीटसे उलगडत नाही.

ग्रंथाचा रूपबंध संवादाचा आहे. पहिल्या आवृत्तीत पिस्केटर हा मासे धरणारा आणि व्हिएटर हा वाटसरू, अशी दोनच पात्रे होती. १६५५ च्या आवृत्तीत वाटसरूची जागा व्हेनेटर या शिकाऱ्याने घेतली आणि ऑसेप्स हा ससाणे पाळणारा तिसरा सोबती आला. आपापल्या छंदाची थोरवी सांगण्याच्या या चढाओढीत पिस्केटरची सरशी होते. पण ती केवळ युक्तिवादाच्या बळावर नव्हे. लंडनच्या उत्तरेस ली नदीकाठाने चालणे, पावसाची सर आली म्हणून फुललेल्या कुंपणाखाली थांबणे, गवळणीला मासा देऊन तिचे गाणे ऐकणे, रात्री साध्या खाणावळीत आपण धरलेला मासा शिजवून खाणे या क्रमातून व्हेनेटर हळूहळू शिष्य बनतो. मतपरिवर्तन तर्काने न होता सहवासाने होते. म्हणूनच आमिषांच्या याद्या, माशांच्या सवयी, पाककृती हा तांत्रिक मजकूर उपरा वाटत नाही. एकेका तपशिलाकडे लक्ष देण्याची सवय हाच येथील शांतीचा आशय आहे.

या शांतीवर पलायनवादाचा आरोप सहज करता येतो. १६४५ मध्ये इंग्लंडच्या चर्चच्या प्रार्थनापुस्तकावर बंदी आली. १६४९ मध्ये पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद झाला. राजनिष्ठ आणि चर्चनिष्ठ वॉल्टन पराभूतांच्या पक्षातला. तरीही यादवी युद्ध या संवादाचा विषय होत नाही. हे मौन अज्ञानाचे मात्र नव्हे. ज्यांचे सार्वजनिक जीवन हिरावले गेले आहे, त्यांनी मैत्री, भोजन, गाणे आणि प्रार्थना यांच्या आधारे आपला समाज नदीकाठी पुन्हा उभारावा, अशी ही रचना आहे. शांतपणे जगण्याचा यत्न करावा, हा संत पॉलचा उपदेश वॉल्टन अखेरीस आठवतो, तो याच संदर्भात.

खरी अडचण निराळी आहे. पाइक माशासाठी जिवंत बेडूक गळाला कसा लावावा, हे सांगताना त्याच्याशी प्रेमाने वागल्यागत वागावे, असे पिस्केटर सुचवतो. बायरनने ‘डॉन जुआन’च्या तेराव्या सर्गात या क्रौर्याबद्दल वॉल्टनची कठोर हजेरी घेतली. हा आक्षेप केवळ नैतिक मानून बाजूला सारता येत नाही. तो रूपबंधालाही भिडतो. गोपकाव्यातील मेंढपाळ कळप राखतो, येथील नायक मात्र जीव घेतो. वाचकाला ही शांती लाभते, ती गळाच्या वरच्या टोकाशी उभे राहिल्यावरच. संवादात सर्वांना बोलण्याचा अधिकार आहे. मासा आणि बेडूक तेवढे संवादाबाहेर राहतात.

या दृष्टीने हेमिंग्वेची ‘बिग टू-हार्टेड रिव्हर’ (१९२५) ही कथा उद्बोधक ठरते. तीतही युद्धाविषयी मौन आहे, तीतही निक हा नायक एकेक कृती सावकाश, क्रमाने करत मनाचा तोल सांभाळतो. परंतु लहान ट्राउट सोडून देण्यापूर्वी तो हात ओला करतो, कारण कोरड्या हाताच्या स्पर्शाने माशावरचा नाजूक लेप जातो आणि पुढे बुरशी धरून तो मरतो, हे त्याला ठाऊक आहे. दलदलीत मासे धरणे तो पुढे ढकलतो. तेथे ती गोष्ट त्याला शोकात्म वाटते. आपल्या सुखामुळे दुसऱ्या जिवाला होणाऱ्या इजेची जाणीव येथे त्या सुखाच्या आतच आली आहे. वॉल्टनपाशी जी मृदुता केवळ शब्दात होती, ती निकच्या हातात उतरते.

याचा अर्थ वॉल्टनचा ग्रंथ खोटा ठरतो असा नव्हे. पराभवाच्या काळात द्वेषाला वाव न देणारे गद्य लिहिणे ही लहान सिद्धी नाही. मात्र त्या शांतीला निरागस म्हणणे कठीण आहे. मराठी वाक्प्रचारांनी आमिषातील कपट विसरू दिलेले नाही. त्यामुळे मराठी वाचकाला या ग्रंथातील आनंद घेतानाच त्याची किंमत कोण मोजते, हेही विचारता येते.