रंगभूमीवरचे म्हातारपण

दिवाळी सरली, धान कापून खळ्यावर आले, की आमच्या झाडीपट्टीत मंडईचे दिवस सुरू होतात. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांतल्या गावोगाव पाहुणे येतात, दिवसा दंडार रंगते आणि रात्री नाटक उभे राहते. वडशाहून आलेली मंडळी रात्री उशिरा पडदा वर करतात आणि तो पहाटेपर्यंत खाली येत नाही. सडक अर्जुनीच्या आसपासचा प्रेक्षक या नाटकांना लेकराबाळांसह, चादरी-चटया घेऊन जातो. त्या गर्दीत पुढल्या रांगेत कोण बसलेले असते? म्हातारी माणसे. आणि रंगमंचावर बहुधा कोणाचे हाल चाललेले असतात? म्हाताऱ्या माणसांचे. या योगायोगाकडे टीकाकारांनी आजवर फारसे लक्ष दिलेले नाही, म्हणून हा प्रपंच.

कथानक वाचकांच्या ओळखीचे आहे. बाप शेत विकून मुलाला शिकवतो. मुलगा शहरात जातो. सून तोंडाळ निघते. तिसऱ्या अंकात मायबापाच्या हाती गाठोडे येते आणि 'वृद्धाश्रम' हा शब्द उच्चारला जातो. तो उच्चारताच ऑर्गनचा सूर चढतो आणि मंडपात पदर डोळ्यांना लागतात. 'फाशी' या शब्दाला जो धाक असावा, तोच येथे या शब्दाला आहे. नट बहुधा पंचविशीतिशीतला. तो केसांना पांढरी पावडर लावतो, कंबर वाकवतो, हात थरथरवतो. त्याच्या समोर बसलेली खरी सत्तरीची बाई मात्र आषाढात रोवणीच्या चिखलात दिवसभर उभी होती आणि चैत्रात पहाटे उठून मोहफुले वेचत होती. तिच्या चालण्यात थरथर नाही. रंगमंचावरचे म्हातारपण तिच्यापेक्षा पुष्कळ म्हातारे आहे!

हा दोष एकट्या झाडीपट्टीचा नव्हे. परशुराम खुणे यांच्यासारख्या विनोदी नटाला २०२३ साली पद्मश्री मिळाली, त्या रंगभूमीला नावे ठेवण्याचा माझा हेतूही नाही. ही परंपरा मुंबईहून आली आहे. १९७० च्या डिसेंबरात वि. वा. शिरवाडकरांचे 'नटसम्राट' रंगमंचावर आले. दिग्दर्शन आमच्या विदर्भाच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांचे आणि आप्पा बेलवलकर डॉ. श्रीराम लागूंचे. आप्पा आपले सर्वस्व मुलांना वाटून टाकतो आणि मग मुलांच्या दारी परका होतो. शेक्सपिअरच्या लिअर राजाची छाया त्यावर आहे, हे सर्वांनाच ठाऊक आहे. नाटक मोठे आहे यात शंका नाही. परंतु त्याच्या मोठेपणानेच एक घात केला. लिअर हा राजा आणि आप्पा हा नटांतला सम्राट. दोघांचेही दुःख सिंहासनावरून खाली येण्याचे आहे. शिरवाडकरांनंतरच्या लेखकांनी मात्र हे सिंहासनाचे दुःख प्रत्येक निवृत्त कारकुनाच्या आणि शेतकऱ्याच्या गळ्यात घातले. आप्पाला शेवटी आधार देतो तो बूटपॉलिश करणारा राजा. परक्या पोराच्या सोबतीत या माणसाचा दिवस कसा जातो, काय खातो, कशाला हसतो, हे मला त्या नाटकातले सर्वांत ताजे द्रव्य वाटते. पण त्याला जागा थोडी मिळाली आणि नटांनी तर स्वगतांच्या ओढीने तीही झाकून टाकली.

जयवंत दळवींचे 'संध्याछाया' हे 'नटसम्राट'नंतर थोड्याच वर्षांत आले. विजया मेहतांनी ते बसवले आणि नानीही त्यांनीच उभी केली. येथे स्वर पुष्कळ खाली आहे, आणि म्हणून तो अधिक खोल जातो. एक मुलगा अमेरिकेत, दुसरा लष्करी सेवेत. घरात नाना, नानी आणि वाट पाहणे. परका तरुण दारात आला तरी ही दोघे त्याला बसवून बोलत ठेवतात. म्हातारपणाचे मुख्य दुःख अपमान नसून रिकामी दुपार आहे, हे मराठी नाटकाला येथे प्रथम नीट कळले असे मला वाटते. तरी शेवट पाहा. दोघे मिळून झोपेच्या गोळ्या घेतात. लेखकाला या जोडप्याचा उद्याचा दिवस काही केल्या सुचला नाही.

पण त्याच दळवींना तो दुसरीकडे सुचला आहे. त्यांच्या 'दुर्गी' या नाटकावरून बिपिन नाडकर्णींनी 'उत्तरायण' हा चित्रपट काढला. उतारवयात लहानपणची मैत्रीण भेटते आणि दोघे एकत्र राहायचे ठरवतात. शिवाजी साटम आणि नीना कुळकर्णी यांनी ही कथा इतक्या साधेपणाने वठवली आहे, की प्रौढ मुलांच्या कपाळावरील आठ्याच हास्यास्पद वाटू लागतात. 'संध्याछाया'चे प्रयोग गावोगाव होतात आणि 'दुर्गी'चे नाव मात्र फारसे कानावर येत नाही. रडण्याला आपण कला मानतो आणि म्हाताऱ्यांच्या सुखाला चावटपणा.

चित्रपटांतही बहुतेक वाट तीच. संजय सूरकरांचा 'तू तिथे मी' (१९९८) गोड आहे. मोहन जोशी व सुहास जोशी यांच्यामुळे तो पाहावा. मुलांच्या सोयीसाठी दूर राहावे लागलेल्या नवरा-बायकोची एकमेकांसाठीची तगमग त्यात खरी उतरली आहे. पण अपवाद म्हणून मला नाव घ्यायचे आहे ते सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु'चे. स्मृती गेलेले संस्कृत पंडित (डॉ. मोहन आगाशे) एका हत्तीच्या मागे चालत जातात आणि माहुताच्या झोपडीत पोचतात. माहुताची बायको चन्नम्मा (अमृता सुभाष) त्यांना जेवू घालते, निजवते, आणि ते तिला आई म्हणतात. येथे कोणी दुष्ट नाही. मुलगी प्रेमळ आहे आणि थकलेली आहे. प्रेम आणि थकवा एकत्र नांदू शकतात, हे आमच्या मंडपातल्या नाटकात कधी येतच नाही. यासुजिरो ओझूंच्या 'टोकियो स्टोरी' (१९५३) या जपानी चित्रपटातही तेच आहे. म्हातारे आईबाप मुलांकडे येतात, मुले कामात असतात, त्यांना गरम पाण्याच्या झऱ्याच्या गावी पाठवून देतात. कोणी ओरडत नाही. विधवा सून मात्र एक दिवस रजा काढून त्यांना शहर दाखवते. त्या एका दिवसाने आपण पाणावतो, ऑर्गनची गरज पडत नाही.

वाचक म्हणतील, नाटकच ते, एवढे मनावर काय घ्यायचे? घ्यायला हवे, कारण आमच्या भागात नाटक हेच वृद्धाश्रमाचे एकमेव दर्शन आहे. ज्याने अशा घराचा उंबरठा पाहिला नाही, त्याच्या मनातले चित्र तिसऱ्या अंकातून आलेले असते. परिणाम असा, की नागपूरला किंवा हैदराबादला कामाला गेलेला मुलगा 'लोक काय म्हणतील' म्हणून विचारत नाही. घरी एकटी राहिलेली माय 'पोराची अब्रू जाईल' म्हणून सांगत नाही. आणि चूल पेटवणे जमत नाही तरी दिवस ढकलले जातात. सरकारने १९९५ मध्ये 'मातोश्री' वृद्धाश्रमांची योजना काढली. २००७ च्या कायद्याने साठी ओलांडलेल्या आईबापाला मुलांकडून महिना १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता मागता येतो, तोही उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणापुढे, वकिलावाचून. प्रत्येक जिल्ह्यात निदान १५० निराधार वृद्धांची सोय असावी, असेही तो कायदा म्हणतो. पण आमच्या नाटकातला बाप अजून पावसात चालत सुटतो. कायदा झाल्याला इतकी वर्षे झाली, तरी एकाही बापाची पावले त्या कचेरीकडे वळलेली मी पाहिली नाहीत. खरे तर बाप न्यायाधिकरणात आणि समोर पोटचा मुलगा, यापेक्षा नाट्यमय प्रसंग कोणता हवा?

उलट पुण्याकडे 'अथश्री'सारख्या वसाहतींत ज्यांच्या गाठी पैसा आहे अशी माणसे स्वखुशीने राहायला जातात. हा वर्गभेद नाटककाराच्या नजरेतून सुटता कामा नये. एकाला जो आराम वाटतो तोच दुसऱ्याला हद्दपारी वाटते, आणि फरक दोघांच्या मुलांच्या स्वभावात नसून पासबुकात असतो.

आणि त्या घरातला दिवस? तो तर अजून कोणी लिहिलाच नाही. पहाटे कोणाला आधी चहा हवा यावरून होणारी कुरबूर. खोलीतल्या सोबत्याचे घोरणे. दुपारी वर्तमानपत्राच्या पानांची वाटणी. नव्याने आलेला माणूस दोन दिवस भिंतीकडे तोंड करून बसतो आणि तिसऱ्या दिवशी पत्त्यांच्या डावात चूक काढतो. गोळ्या मोजून देणारी, स्वतःच्या सासूला घरी ठेवून आलेली बाई. यात रडणे आहे, पण हसणेही पुष्कळ आहे, आणि झाडीपट्टीच्या नटाइतका विनोद कोणाला जमतो? आमचे नाटक पाच-सहा तास चालते. मारामारी, लावणी, विनोद या सर्वांना त्यात जागा सापडते. गोळ्या मोजणाऱ्या त्या बाईसाठी अर्धा तास काढणे वडशाच्या कुठल्याही मंडळीला जड जाऊ नये. आणि तिची भूमिका पंचविशीतल्या नटीला पावडर न लावता करता येईल.