तोडणारा तिसराच

शिरोडकर गेली हे जोशीला कळतं, तेव्हा ती गेलेली असते. सुजय डहाके यांच्या ‘शाळा’ (२०१२) या चित्रपटाचा शेवट एवढाच. आणीबाणीचा काळ, नववीचा वर्ग, चोरून बघणं, एखादं वाक्य बोलायला मिळालं तर त्यावर आठवडा काढणं, आणि मग तिच्या घरच्यांचं बिऱ्हाडच गावातून हलणं. भांडण नाही, रुसवा नाही, कोणी कोणाला सोडलेलं नाही. मिलिंद बोकीलांच्या कादंबरीवरच्या या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि हा शेवट सांगताना आजही लोक हळवे होतात. होऊ देत, शेवट चांगलाच आहे. तक्रार त्यापुढची आहे. त्यानंतर शाळा-कॉलेजातल्या प्रेमाचे जे मराठी सिनेमे आले, त्यांतल्या बहुतेकांनी हाच शेवट फिरवून फिरवून वापरला. प्रेम तुटतं, पण दोघांपैकी कोणी ते तोडत नाही. तोडायला तिसरंच कोणीतरी येतं.

रवी जाधव यांच्या ‘टाइमपास’मध्ये (२०१४) ते काम प्राजक्ताचे वडील माधव लेले करतात. दगडू आणि प्राजक्ता यांच्यात काय बिघडलं, असा प्रश्नच तिथे उद्भवत नाही, कारण काही बिघडायला आधी दोघांची नीट ओळख व्हावी लागते. वैभव मांगले यांनी तो बाप असा रंगवला की सिनेमागृह त्याच्यावर हसलं आणि त्याला घाबरलंही. त्यामुळे विरहाचा सगळा भार त्याच्याच खांद्यावर गेला. पुढच्याच वर्षी दुसरा भाग आला, दोघं मोठी झाली, नटही बदलले, आणि पहिल्या भागात तुटलेलं जोडून घेण्यात आलं. धंद्याचं गणित म्हणून ते बरोबरच होतं. पण तुटण्याची जी थोडीफार धग होती, ती त्यात विझली.

गंमत अशी, की ‘शाळा’तली शिरोडकर आणि ‘टाइमपास’मधली प्राजक्ता या दोन्ही भूमिका केतकी माटेगावकरनेच केल्या. एका पिढीला पहिल्या प्रेमाचा चेहरा म्हणून जी मुलगी आठवते, तिचं जाणं दोन्ही वेळा घरच्यांनी ठरवलं. तिला स्वतःला काय वाटत होतं, याचा एक सबंध प्रसंग दोन्ही सिनेमांना द्यावासा वाटला नाही.

‘दुनियादारी’बद्दल (२०१३) फार लिहिण्यासारखं नाही, पण पुण्यात बसून ते टाळताही येत नाही. सुहास शिरवळकरांची कादंबरी एस. पी. कॉलेजच्या कट्ट्यावरची. ती वाचत वाचत इथली पोरं मोठी झाली. संजय जाधव यांनी तिचा सिनेमा केला तेव्हा स्वप्नील जोशी पस्तिशीचा होता. पस्तिशीतल्या नटानं कॉलेजकुमार व्हायला हरकत नाही, आपण तसे पुष्कळ पाहिलेत. अडचण ही, की त्या वयाच्या चेहऱ्यावर ब्रेकअप शोभतं, कोवळेपणा शोभत नाही. म्हणून सिनेमानं कोवळेपणाची कसर संवादांनी भरून काढली आणि दुरावा घडवण्याचं काम अखेर आजाराकडे सोपवलं. बाप नसला तर मृत्यू. तिसरा हवाच.

या रांगेत नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ (२०१४) बसवणं काहींना रुचणार नाही. तिथे प्रेमप्रकरण कुठे आहे? जब्या शालूला बघतो, एवढंच. तिच्यावर काळ्या चिमणीची राख टाकली की ती भुलते, असं ऐकून तो त्या चिमणीमागे रानोमाळ फिरतो. शालूला याचा पत्ताही नसतो. तरीही गेल्या पंधरा वर्षांतला सर्वांत क्रूर ब्रेकअप मला त्याच सिनेमात दिसतो. शाळेजवळ जब्याच्या घरचे डुक्कर पकडताहेत, गाव कठड्यांवर बसून मजा बघतंय, जब्या आडोसा शोधतोय, आणि हसणाऱ्यांत शालूही आहे. ती त्याला काही म्हणत नाही. तिला म्हणावं लागतच नाही. ती हसते आणि जब्याच्या मनातलं सगळं तिथल्या तिथे संपतं. जे सुरूच झालं नव्हतं ते संपताना दाखवणं, हे पटकथेचं अवघड काम आहे. जब्या झालेल्या सोमनाथ अवघडेच्या चेहऱ्यावर ते काही क्षणांत दिसतं. जब्या शेवटी भिरकावतो त्या दगडाबद्दल सगळे लिहितात, पण तो दगड उचलण्याची तयारी या हसण्यापासून सुरू झालेली असते. इथेही तोडणारा तिसराच आहे, पण तो बापासारखा दारात उभा राहत नाही. तो त्या हसण्यात आहे, शालूच्याही नकळत. हा तिसरा मंजुळे यांना नेमका सापडला, कारण त्यांनी तो सोयीसाठी आणला नव्हता.

बाकीच्यांच्या बाबतीत मात्र ती सोयच आहे असं मला वाटतं, आणि तिची मुळं सांगणाऱ्यात आहेत. हे बहुतेक सिनेमे मोठ्या झालेल्या मुलग्याच्या आठवणी आहेत. सतीश राजवाडे यांच्या ‘ती सध्या काय करते’चं (२०१७) नावच बघा. प्रश्न पुरुषाचा, उत्तर तिचं, पण प्रश्न विचारायला तो संसारात पडून स्थिरस्थावर व्हावा लागतो. आठवणीत मुलगी फार चांगली राहते. ती गॅलरीत उभी असते, वेणी घालते, पावसात भिजते. ‘तू मला आवडत नाहीस’ किंवा त्याहून वाईट म्हणजे ‘आवडायचास, आता नाही’ असं म्हणणारी मुलगी आठवणीत ठेवायला कठीण. मग तिच्या वतीनं नकार द्यायला कोणीतरी नेमावं लागतं.

दुसरं कारण जागेचं. आपल्या सिनेमात पौगंडातले मुलगा-मुलगी निवांत बसून बोलतात कुठे? क्लासच्या जिन्यात, देवळामागे, येता-जाता. दीड मिनिटात प्रेम व्यक्त करता येतं. तोडायला वेळ लागतो. समोरच्याचं ऐकून घ्यावं लागतं, तेच तेच दोनदा बोलावं लागतं, मध्ये काहीतरी फालतू विषय निघतो, कोणीतरी रडतं, कोणाला तरी घरून फोन येतो. आपली पटकथा इथवर पोचायच्या आत गाणं सुरू होतं.

हे लेखकांना जमतच नाही असं म्हणावं, तर मुलामुलांच्या मैत्रीतलं तुटणं त्यांनी फार सुरेख लिहिलंय. अविनाश अरुण यांचा ‘किल्ला’ घ्या. २०१४ मध्ये बर्लिनला त्याला मुलांच्या विभागातलं क्रिस्टल बेअर मिळालं. आईच्या बदलीमुळे पुण्याहून कोकणात आलेला चिन्मय, त्याचे नवे दोस्त, सायकली, किल्ला. पाऊस कोसळतो, दोस्त निघून जातात आणि हा आत एकटाच राहतो. त्यानंतरचा अबोला पाहा. त्या दोस्तांतल्या बंड्याला काय चुकलं ते कळतं आणि कळतही नाही, चिन्मयला राग धरून ठेवायचाय आणि एकटं राहायचंही नाही. कोणी तिसरा त्यांच्यात आलेला नाही. भिजलेल्या पोराला सोडून गेलात, एवढंच कारण, आणि त्या वयात ते पुरेसं असतं. शेवटी पुन्हा बदली येतेच, पण तोवर दोघांनी तोडून आणि जोडून झालेलं असतं, म्हणून ती बदली खरी लागते.

उमेश कुलकर्णी यांच्या ‘विहीर’मध्ये तर हे आणखी खोल जातं. नचिकेत समीरला सांगतो की त्याला हे सगळं सोडून जायचंय. मदन देवधर आणि आलोक राजवाडे यांनी ते संभाषण असं केलंय की जाणाऱ्याकडे कारण नाही आणि राहणाऱ्याकडे उत्तर नाही. प्रेमप्रकरणातल्या पोरापोरींना अशी दहा मिनिटं मराठीत कोणी दिली? कुलकर्णी आणि अरुण दोघंही लॉ कॉलेज रोडवरच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून आलेले. धंद्याच्या चौकटीबाहेर राहिल्याचा हा फायदा असावा.

आणि मग ‘सैराट’ (२०१६). लोक पूर्वार्धाबद्दल बोलतात, शेवटाबद्दल बोलतात. मधलं हैदराबाद कंटाळवाणं आहे असं म्हणणारेही मला पुष्कळ भेटलेत. माझ्या मते मराठी पौगंडपटाचं सगळ्यात धाडसी लेखन त्या मधल्या भागात आहे. पळून गेलेली दोघं एका खोलीत राहतात. घाण, पाणी, नोकरी, भाषा. परश्याला संशय येतो, तो अर्चीवर हात उचलतो, आणि अर्ची निघते. बुलेट आणि ट्रॅक्टर चालवणारी, गावात कोणाला न घाबरणारी ही मुलगी गाडीत बसून माहेरच्या वाटेला लागते. बाप शेकडो मैलांवर, जात निदान त्या खोलीपुरती मागे पडलेली. आता तोडायला दोघंच उरलीत आणि ती खरोखर तोडतात. त्या वेळी शाळेत शिकणाऱ्या रिंकू राजगुरूनं हा निर्णय कुठलाही मोठा आविर्भाव न करता केला. ती अर्ध्या वाटेतून परत येते, इकडे परश्यानं गळफासाची तयारी केलेली असते. हा भाग मला थोडा घाईचा वाटतो. ती परत येण्याचं कारण तिच्याकडेच असायला हवं होतं, त्याच्या जिवाशी ते गुंतवायची गरज नव्हती. पण एवढी खोट काढूनही सांगतो, की मराठीत सोडून जाण्याचा अधिकार असलेली किशोरवयीन नायिका मला तरी ही एकच आठवते. शेवटी घरचे येतात आणि काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. तो घाव एवढा बसतो, कारण त्याआधी त्या दोघांनी आपापलं तुटणं आणि जुळणं स्वतः भोगलेलं असतं.

बाहेरचं एकच उदाहरण देतो. कॅमेरन क्रो यांच्या ‘से एनिथिंग’मध्ये (१९८९) डायन गाडीत बसून लॉइडशी संबंध तोडते आणि त्याच्या हातात एक पेन ठेवते, पत्र लिही म्हणून. अमेरिकी पौगंडपटातला हा गाजलेला प्रसंग. तिथेही मागे बापच आहे. त्यालाच हे नकोय, पेनची कल्पनाही त्याचीच. पण बोलावं तिला लागतं, लॉइडच्या तोंडावर, आणि बोलताना आपण चुकतोय हे तिला कळत असतं. बाप काढून टाका असं मी म्हणत नाही. त्याला मागच्या खोलीत बसवा आणि पोरीला पुढे पाठवा.

पुण्याकडे अशी एक गोष्ट तयार होती. सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ ही कादंबरी २००६ मध्ये आली. पुण्यातलं मध्यमवर्गीय घर, वरच्या खोलीत आलेला भाडेकरू, त्याच्या प्रेमात पडलेला तनय आणि त्याची बहीण अनुजा. तो दोघांनाही सोडून जातो आणि कारण सांगत नाही. अर्धी कादंबरी भावाची, अर्धी बहिणीची. सोडून दिलेल्यांची दोन निवेदनं शेजारी शेजारी ठेवून वाचायला मिळणं मराठीत दुर्मिळ. तिच्यावरचा चित्रपट २०२२ मध्ये नेटफ्लिक्सवर आला तो हिंदी-इंग्रजीत, आणि घर पोचलं होतं फोर्ट कोचीत. दिसतो तो देखणा. पण पेठांतल्या घरात आईच्या हाकेच्या अंतरावर गुपचूप रडण्याची जी कोंडी कादंबरीत होती, ती त्या निळ्या भिंतींना येत नाही. पुण्यातला सर्वोत्तम प्रेमभंग पुण्याबाहेर चित्रित झाला आणि इथे कोणाला त्याचं फारसं काही वाटलं नाही.

एरवी या शहरात माल कमी नाही. झेड ब्रिजवर संध्याकाळी गाड्या लावून बसलेल्यांत रोज कोणाचं तरी फिस्कटत असतं. हनुमान टेकडी, गुडलकचा कोपरा, क्लासबाहेरची पार्किंगची जागा. आताची पोरं आपली आपणच तोडतात, बाप येईपर्यंत थांबत नाहीत. अर्धं ब्रेकअप फोनवर, मग ब्लॉक, मग मैत्रिणीच्या फोनवरून पुन्हा, मग भेटून एकदाच काय ते बोलणं. यातले तुकडे मला पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिकांत दिसतात, भरत नाट्य मंदिरात, अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांनी स्वतः लिहिलेले. कच्चे असतात, संवाद लांबतात, पण मुलगी स्वतःचं वाक्य स्वतः बोलते. तीच पोरं पुढे सिनेमा-मालिकांत जातात आणि तिथे लेखक म्हणून एकदम प्रौढ होतात.

निर्मात्यांना विचारलं तर एकच उत्तर मिळतं, की मराठी सिनेमा सहकुटुंब बघितला जातो, मुलगी असं बोललेली आयांना चालत नाही. हे उत्तर ‘बालक-पालक’नंतर तरी द्यायला नको होतं. २०१३ च्या पहिल्याच आठवड्यात रवी जाधव यांनी चाळीतल्या पोरांनी चोरून निळे चित्रपट बघण्याची गोष्ट आणली आणि आई-बापांनी ती मुलांना शेजारी बसवून पाहिली, तिकिटं काढून. एक पंधरा वर्षांची मुलगी मुलाला ‘पुरे’ म्हणते, हे त्या खुर्च्यांत बसून बघवणार नाही असं मानायला माझ्याजवळ तरी काही आधार नाही.