तुमचा मजकूर येथे

दिवाळी अंकात कथा असाव्यात, कविता असाव्यात, शेवटी राशिभविष्य असावे. आणि टीकालेख असलाच तर तो एखाद्या कादंबरीवर किंवा नाटकावर असावा, अशी वाचकांची रास्त अपेक्षा असते. मी या खेपेस टीकेला घेतलेली वस्तू पुस्तक नव्हे, नाटक नव्हे आणि चित्रही नव्हे. सभेपुढे पडद्यावर दाखवण्यासाठी संगणकावर ज्या ‘स्लाइड’ तयार करतात, त्यांवरचे शब्द नटवून देणारी ‘वर्डआर्ट’ नावाची एक सोय असते. तिच्यावर मी लिहिणार आहे. हसू नका. तुमच्या मुलीने शाळेत नेलेल्या प्रकल्पाच्या पहिल्या पानावर, सोसायटीच्या गणपतीच्या सूचनेवर, आजोबांच्या पंचाहत्तरीला भिंतीवर दाखवलेल्या चित्रमालिकेत हिचा हात फिरून गेलेला आहे. जी कला इतक्या घरांत शिरली, तिच्याकडे टीकाकारांनी ढुंकूनही पाहू नये याचे मला नवल वाटते.

माझा अधिकार विचाराल तर तो बेताचाच. मी मॅट्रिक, म्हणजे हल्लीच्या बोलीत दहावी पास. पुढे चित्रकला-शिक्षकाची पदविका घेतली आणि तालुक्याच्या गावी गेली एकवीस वर्षे मुलांना स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि अक्षरलेखन शिकवतो आहे. तीन कादंबऱ्या माझ्या नावावर आहेत. त्या ज्यांनी वाचल्या त्यांचा मी ऋणी आहे, आणि ते संख्येने फार नसल्यामुळे ऋणही फार नाही. शाळेत संगणक आले तेव्हा ‘रंगांचं काम सरांना कळतं’ या न्यायाने स्लाइड शिकवण्याचे काम माझ्याच गळ्यात पडले.

या वस्तूचे कुळ मूळ अमेरिकेतले. ‘पॉवरपॉइंट’ १९८७ साली मॅकिंटॉश संगणकासाठी निघाले. रॉबर्ट गॅस्किन्स आणि डेनिस ऑस्टिन हे तिचे प्रमुख कर्ते. कचेरीतल्या बैठकीत दिव्यावर ठेवायच्या पारदर्शक पट्ट्या नीटनेटक्या व्हाव्यात, एवढीच तिची पहिली आकांक्षा होती. पहिल्या आवृत्तीत तर सगळे काळेपांढरेच होते. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ती कंपनी एक कोटी चाळीस लाख डॉलरांना घेऊन टाकली. ‘वर्डआर्ट’ तिच्या पोटी जन्मलेली नव्हे. १९९१ साली त्याच मायक्रोसॉफ्टच्या ‘पब्लिशर’ या दुसऱ्या साधनासाठी स्कॉट फॉरस्टॉल आणि नॅट ब्राउन या उमेदवारी करणाऱ्या दोन तरुणांनी ती घडवली आणि मग ती सगळ्या भावंडांत वाटली गेली. यांतले फॉरस्टॉल पुढे ॲपलमध्ये गेले आणि आयफोनच्या आज्ञावलीचे प्रमुख झाले. म्हणजे तुमच्या खिशातल्या फोनच्या आणि ‘हार्दिक स्वागत’ या सप्तरंगी कमानीच्या इतिहासात एकच माणूस आढळतो. असो.

१९९१ हे साल आपल्यालाही विसरता येण्यासारखे नाही. जगातल्या लिप्यांतल्या अक्षरांना संगणकात एकेक कायमचा क्रमांक देणारी ‘युनिकोड’ची पहिली आवृत्ती त्याच वर्षी निघाली आणि तीत देवनागरी होती. एकाच वर्षी तिकडे रोमन अक्षरे नाचू लागली आणि इकडे आपल्या अक्षरांना नुसता घरक्रमांक मिळाला! तो क्रमांक सामान्य माणसाच्या टेबलापर्यंत यायला पुढे बरीच वर्षे लागली. मधल्या काळात ज्याचा त्याचा टंक निराळा. एका यंत्रावर ‘सुस्वागतम’ लिहून नेले की दुसऱ्या यंत्रावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा उमटायचा. विंडोज २००० बरोबर ‘मंगल’ नावाचा टंक आला तेव्हा ही आपदा हळूहळू टळू लागली. तो रेखला र. कृ. जोशी यांनी. ते कवी होते, सुलेखनकार होते, मुंबईच्या आयआयटीत अक्षरविद्या शिकवीत. आपण रोज ज्या अक्षरांत बिले आणि अर्ज वाचतो ती एका कवीच्या हातची आहेत, हे मी वर्गात सांगतो तेव्हा मागच्या बाकावरची मुलेही मान वर करतात.

आता प्रत्यक्ष टीकेकडे वळतो. पॉवरपॉइंटवर पुष्कळ टीका झालेली आहे. अमेरिकेतल्या एडवर्ड टफ्टी यांनी २००३ साली तिच्यावर एक पुस्तिकाच लिहून सडकून झोड उठवली. पण त्यांचा राग मुख्यत्वे ठिपके देऊन केलेल्या तुटक मुद्द्यांवर आणि त्यांनी होणाऱ्या विचाराच्या चिंध्यांवर होता. माझी तक्रार अक्षरांपुरती आहे.

वर्डआर्टचा भडकपणा हा तिचा दोष, असे जाणते लोक म्हणतात. १९९७ नंतरच्या काही वर्षांत तिच्या दालनात तीस तयार नमुने मांडलेले असत. इंद्रधनुषी, लाकडी, तिरकी, जाड भिंतीसारखी पुढे आलेली. ते नमुने २००७ साली पॉवरपॉइंटमधून काढून जरा सभ्य नमुने आणले गेले, तेव्हा शहाण्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला म्हणतात. मला हे पटत नाही. भडकपणाचे आपल्याला काय वावडे? आपण दारात रांगोळीत गुलाबी आणि हिरवा शेजारी-शेजारी घालणारी माणसे. आमच्या स्टँडसमोरच्या एका उसाच्या गुऱ्हाळावर पेंटरने ‘रसवंती’ अशी पाटी काढली आहे; तिच्या वेलांटीला उसाची पाने फुटलेली आहेत आणि ‘र’मधून रसाची धार लागलेली आहे. ती पाटी भडक आहे आणि उत्तम आहे. कारण त्या पेंटरने आधी शब्द वाचला आणि मग ब्रश बुडवला.

कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी लिहिलेली नावे ज्यांना आठवतात त्यांना मी काय म्हणतो ते चटकन कळेल. वर्तमानपत्राच्या एका चौकोनात दहा नाटकांची नावे दाटीने उभी असत. पण नाव वाचण्याआधीच ते नाटक ऐतिहासिक की फार्स, संगीत की रहस्यमय, हे डोळ्यांना समजे. तेथे अलंकार शब्दाच्या पोटातून येई. वर्डआर्टमध्ये उलट घडते. तिचे दालन उघडून एखादा नमुना निवडला की पडद्यावर एक चौकट येते आणि तिच्यात इंग्रजीत लिहिलेले असते, ‘तुमचा मजकूर येथे’. म्हणजे दागिने घडून तयार आहेत. आता नवरी कोणीही आणून बसवा. माझा सगळा आक्षेप या तीन शब्दांवर आहे.

माझ्या पहिल्या कादंबरीच्या मुखपृष्ठावर हेच घडले. कादंबरी एका कोरड्या विहिरीवरून भांडणाऱ्या दोन भावांची. पुस्तक हातात आले तेव्हा नावाची अक्षरे पितळेसारखी चकाकत होती आणि त्यांच्याखाली त्यांचे स्पष्ट, डुलणारे प्रतिबिंब पडले होते. ज्या विहिरीत तीनशे पानांत पाण्याचा थेंब निघत नाही, तिच्या नावाखाली तळे! ज्यांनी ते केले त्यांना मी विचारले, तर म्हणाले, “छान दिसतं ना?” छान दिसत होते, हेच तर दुःख होते.

दुसरा दोष आपल्या लिपीपुरता आहे आणि तो कर्त्यांच्या दुष्टपणाचा नव्हे, नेणतेपणाचा आहे. रोमन अक्षर आपापल्या पायांवर एकेकटे उभे असते. त्याला टेकाडावर चढवा, लाटेवर बसवा, शेजाऱ्यापासून लांब सारा. त्याचे काही बिघडत नाही. आपले अक्षर वरून लटकते. शिरोरेषा हे आपल्या शब्दाचे आढे आहे. ‘ट्रान्सफॉर्म’मध्ये जाऊन शब्दाला लाट दिली की आढेच वाकते आणि खाली टांगलेले काने आणि वेलांट्या घरात भूकंप झाल्यासारख्या कलंडतात. अक्षरांमधले अंतर वाढवले की रेषेला फटी पडतात. शब्द राहत नाही, अक्षरांची यादी होते. अक्षराभोवती निराळ्या रंगाची कड ओढली तर जोड जेथे जेथे आहे तेथे ती कड पुष्कळदा आतून डोकावते, फाटक्या बाहीतून अस्तर दिसावे तशी. मी मुलांना सांगतो, ठळकपणा हवा तर जाड वळणाचा टंक घ्या, कडेच्या नादी लागू नका. सगळ्या अलंकारांत मला मान्य आहे ती बारीक सावली. छायाचित्रावर अक्षर लिहायचे झाले तर सावलीमुळे ते मागच्या गर्दीतून सुटे होते आणि वाचता येते. तिला तेथे काही काम आहे. चकाकी, उठाव, प्रतिबिंब यांना बहुधा काहीच काम नसते, आणि रिकामटेकड्या माणसांसारखी ती सगळीकडे हजर असतात.

इतके दिवस हे मी फार ऐटीत सांगत असे. गेल्या वर्षी मात्र त्या ऐटीला धक्का बसला.

आमच्या शाळेतले शिपाई, सगळ्यांचे मामा, निवृत्तीनंतर दोन वर्षांनी वारले. शाळेत शोकसभा ठरली. नववीतला एक मुलगा संगणकात तरबेज. त्याला मी सांगितले, मामांच्या फोटोची एक स्लाइड कर. सभा सुरू झाली, पुढच्या रांगेत मामांची बायको आणि मुलगी बसलेली. मुख्याध्यापकांनी खूण केली आणि पडद्यावर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ ही अक्षरे एकेक करून उड्या मारत आली, सात रंगांत, लाटेवर बसून, प्रत्येक अक्षर आपल्या वाट्याचा शिरोरेषेचा तुकडा डोक्यावर घेऊन. आणि शेवटचे अक्षर जागेवर बसताच सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. माणसांनी वाजवलेल्या टाळ्या नव्हत्या त्या. त्या साधनातच असलेला आवाज होता. काही मुले फिस्सकन हसली. मी उठून तारच ओढून काढली आणि सभा संपल्यावर त्या पोराला सगळ्यांदेखत नाही नाही ते बोललो.

तो रडवेला होऊन म्हणाला, “सर, बक्षीस समारंभाची फाइल होती तीच घेतली. ‘हार्दिक अभिनंदन’ पुसून हे लिहिलं.”

ती बक्षीस समारंभाची फाइल मी त्याच्याशेजारी बसून करून घेतली होती. टाळ्या कोठून घालायच्या हेही मीच दाखवले होते आणि त्या दिवशी पाहुण्यांनी त्याची पाठ थोपटली तेव्हा मी शेजारी उभा राहून हसलो होतो. ‘तुमचा मजकूर येथे’ हे तीन शब्द कोणा परक्या कंपनीने लिहिले असतील; पण त्या मुलाला त्यांचा अर्थ मी शिकवला होता. शब्द बदलला की बाकीचे सारे बदलावे लागते, हे मी फलकावर शंभरदा सांगितले असेन; यंत्रापुढे बसल्यावर एकदाही सांगितले नव्हते.

मुलगा दुसऱ्या दिवसापासून संगणकाच्या खोलीत येईना. मी चार-पाच दिवस वाट पाहिली, शिक्षकाचा मान आडवा येत होता. अखेर एका संध्याकाळी त्याच्या घरी गेलो आणि “चूक माझी होती,” असे त्याच्या आईसमोर म्हणालो. त्या माउलीला काही कळेना. तिने चहा टाकला. मुलगा मान खाली घालून बसला होता. तो येतो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही.

पुढच्या आठवड्यात मामांची मुलगी शाळेत आली. मला वाटले, आता हिची क्षमा मागावी. मी तोंड उघडण्याआधीच ती म्हणाली, “सर, ते पडद्यावरचं बाबांचं नाव कागदावर काढून मिळेल का?”

मी म्हणालो, “ताई, ते चुकलं होतं आमचं. मी नवीन करून देतो, साधं, काळ्या अक्षरांत.”

“नको सर, ते रंगीतच द्या. बाबांनी तीस वर्षं शाळेच्या फळ्यावर सगळ्यांची नावं लिहिली. त्यांचं नाव एवढं मोठं लिहिलेलं आम्ही पहिल्यांदाच बघितलं.”

टीकाकाराला प्रेक्षकाचे असे एखादे वाक्य ऐकू आले की त्याची पंचाईत होते. माझे म्हणणे मी मागे घेतलेले नाही. ती लाट वाईटच होती, त्या टाळ्या तर अघोरी होत्या. पण रंगांच्या बाबतीत माझा निकाल चुकला होता. शोकाला काळा रंग हे मी कोठून उचलले होते? मामा दर पंधरा ऑगस्टला फळ्याभोवती रंगीत खडूंची वेल काढत आणि तिला सात रंग पुरत नसत. त्या मुलाने हे मनात आणून रंग निवडले नव्हते, हे खरे. रंग आयते आले होते. तरी ते त्या नावावर शोभत होते. अलंकार कधी कधी चुकून योग्य घरी जातो, याची सोय माझ्या टीकाशास्त्रात नव्हती.

मी निरोप पाठवला आणि या वेळी तो मुलगा आला. आम्ही दोघांनी आधी कागदावर मामांचे नाव पेन्सिलीने लिहून पाहिले. ‘भावपूर्ण’ हा शब्द काढून टाकावा असे त्यानेच सुचवले, आणि मला ते पटले. मग लाट काढली, शिरोरेषा सरळ झाली. कड काढली, आवाज काढला. रंग तसेच ठेवले. फक्त पहिल्या अक्षराचा पिवळा फिका पडतो म्हणून त्याने त्याच्याखाली बारीक सावली दिली. शाळेच्या छपाईयंत्रातली पिवळी शाई संपत आली होती, तेव्हा गावातल्या झेरॉक्सवाल्याकडे जाऊन पंधरा रुपयांना प्रत काढून आणली, आणि ती द्यायला मी त्यालाच मामांच्या घरी पाठवले.