तारांचं सस्पेन्स खातं

माणसाची पारख त्याच्या अक्षरावरून करावी म्हणतात. कचेरीची करायची असेल, तर टेबलाखाली वाकावं.

राजुरीतल्या आमच्या शाखेची नवी जागा पाहून लोक फरशीचं कौतुक करतात, काचेच्या दाराचं करतात, साहेबांच्या फिरत्या खुर्चीचंही करतात. टेबलाखाली कोणी बघत नाही. तिथं निळ्या, काळ्या, पिवळ्या तारा वाळत घातलेल्या शेवयांसारख्या पसरल्यात. मी पडलो बी. कॉम.! जमा तिथं नावे, हे आमचं ब्रह्मज्ञान. तारेलाही दोनच टोकं असतात. पण दोन्हींवर चिठ्ठी नाही. म्हणजे सगळा व्यवहार सस्पेन्स खात्यात!

नकाशात पाण्याच्या टाकीला जागा होती, लक्ष्मीच्या तसबिरीला कोनाडा होता. तारांना काहीच नव्हतं. रंग वाळल्यावर एक गृहस्थ ड्रिल घेऊन आले आणि जिथं भिंत मऊ लागली तिथं भोक पाडून गेले.

वास्तविक नियम काही गुप्त नाहीत. व्यापारी इमारतींतल्या तारांचं मानक अमेरिकेत १९९१ सालीच निघालं. भिंतीतली तांब्याची तार ९० मीटरपर्यंत, दोन्हीकडच्या जोडतारा धरून १००. आतल्या जोड्यांना पीळ असतो, तो बाहेरच्या विजेचा गोंगाट अडवण्यासाठी; तरीही विजेच्या तारेपासून अंतर राखायचंच. आमच्याकडे दोघी एकाच नळीत, सासू-सुनेसारख्या नांदतात. खटका उडाला की ‘लिंक गेली’!

खेड्यात असंच चालायचं म्हणावं, तर आमच्याच जुन्नर तालुक्यात खोडदला जीएमआरटीची दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, पार पंचवीसेक किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या. कोट्यवधी वर्षांपूर्वी निघालेल्या रेडिओलहरी तिथं टिपतात आणि काचतंतूंच्या तारांतून मधल्या इमारतीत आणतात. आमच्या काउंटरपासून सर्व्हरचं कपाट बारा पावलांवर!

औषधाला पैसे काढायला आलेल्या एका आजींना मी सांगितलं, “आजी, लिंक नाही.”

“आजून कामावं आलं न्हाई का त्ये? घरनं बोलवा की!”

आम्ही हसलो. आजी हसल्या नाहीत. पासबुक पदरात बांधून त्या परत गेल्या.

लिंक नेहमी पुण्या-मुंबईकडंच तुटते असा आमचा लाडका समज. त्या दिवशी ती टेबल क्रमांक तीनच्या पायाखाली चेंगरली होती. नकाशावर पेन्सिलीची एक रेघ आधीच ओढली असती, तर आजींची एसटीची एक खेप वाचली असती.