घोंगडीचा पोत

अफगाणिस्तानातल्या तुर्कमेन बायकांनी विणलेल्या गालिच्याची टोळी त्यावरच्या ‘गूल’वरून, म्हणजे फुलाच्या नक्षीवरून, ओळखतात. मंजिष्ठेच्या तांबड्या जमिनीवर अष्टकोनी फुलं रांगेनं बसतात. टेक्के टोळीचं फूल वेगळं, एर्सारींचं वेगळं. १९७९ च्या सोव्हिएत आक्रमणानंतर अफगाण गालिच्यांत रणगाडे आणि हेलिकॉप्टरंही उमटली. जाणकार एकेका गाठीचा विचार करतात, त्यावर ग्रंथ लिहितात. आपली घोंगडीही इतक्याच मायेनं निरखावी, असं मला मनापासून वाटतं.

घोंगडीवर फूल नाही, गाठ नाही, चढवलेला रंग नाही. आहे ते नुसतं उभं-आडवं सूत. म्हणून तिच्या फार जवळ जावं लागतं. लोणावळ्याच्या पावसाळी उजेडात ती खिडकीशी धरली की आधी कळतं, ही काळी नाहीच. दख्खनी मेंढीच्या काळ्या लोकरीची टोकं उन्हानं तांबूस झालेली असतात. कातरल्यावर टोक आणि बूड एकत्र पिंजलं जातं, आणि एकाच धाग्यात काळा, तपकिरी, मातकट असे सगळे रंग उतरतात. मध्येच एखादा पांढरा केस चमकून जातो. वीतभर पुढं गेलं की छटा बदलते, कारण तिथं दुसऱ्या मेंढ्यांची लोकर लागलेली असते. गालिच्यात रंगाचा एक घाणा संपून दुसरा लागला की असाच पट्टा पडतो. त्याला तिकडे ‘अब्रश’ म्हणतात आणि शौकीन त्यावर जीव टाकतात. आपल्याकडे त्याकडे कुणी वळूनही पाहत नाही.

आता हात फिरवा. नवी घोंगडी ताठ लागते, कारण ताण्याला चिंचोक्याची खळ पाजलेली असते. खुटेकर धनगर आणि सनगर मोकळ्या जागेत खुंट्यांना ताणा ताणतात, कुंच्यानं खळ सारवतात, वाळवतात आणि मग खड्डामागावर धोटा चालू होतो. सूत त्याआधीच घरातल्या बायकांनी चरख्यावर कातलेलं असतं. घोंगडीचा निम्मा गुण त्यांच्या बोटांत असतो. कोकराची पहिली लोकर म्हणजे जावळ. जावळाची घोंगडी गालाला लावली तरी टोचत नाही.

मावळात ही कारागिरी पावसाशी भिडते. भाताच्या आवणीच्या दिवसांत बायकांच्या पाठीवर इरलं आणि गड्यांच्या डोक्यावर घोंगडीची खोळ, हे इथलं जुनं दृश्य. लोकरीत मूळचा स्निग्धांश असतो, त्यामुळे सर वरच्यावर निथळते. पाणी मुरलं तरी लोकर आपल्या वजनाच्या जवळपास तिसऱ्या हिश्शाइतकी ओल पोटात घेऊन ऊब सोडत नाही. वर्षानुवर्षं भिजून, वाळून, अंगावर घासून वीण दाटत जाते. गालिचा पायाखाली झिजतो. घोंगडी अंगावर मुरते.

दिवाळीनंतर देशावरचे मेंढपाळ कळप घेऊन घाट उतरतात आणि पावसाळ्याआधी परततात. कार्ले-भाज्याची लेणी ज्या वाटांवर आहेत, त्यांच्या मुळाशी इतिहासकार दामोदर कोसंबींना अशाच जुन्या पशुपालकांच्या पायवाटा दिसल्या. १९६२ च्या ‘मिथ अँड रिअॅलिटी’त ते सारं वाचायला मिळतं. लेण्यांचे दगड जपायला सरकारी खातं आहे. त्या वाटांवरून गेलेल्या लोकरीकडे तेवढं लक्ष जात नाही, याची मला खंत वाटते.

मेंढी आता मांसासाठी पाळली जाते. अंगानं मोठी, पण लोकर जेमतेम देणारी माडग्याळ जात पुष्कळ कळपांत शिरली आहे. लोकरीला भाव नाही. कातरणीची मजुरीसुद्धा सुटत नाही. सूत कातणारे हात म्हातारे झाले, म्हणून मागावर गिरणीचं सूत चढू लागलं.

घ्यायचीच असेल तर घोंगडी उलगडून उजेडासमोर आडवी धरावी. गिरणीचा धागा सगळीकडे सारखा दिसतो. हातसुताला मध्येच जाडी येते, मध्येच पीळ घट्ट होतो, आणि त्या चढउतारावर उजेड एकसारखा पसरत नाही. अशी मिळाली तर घासाघीस करू नये.